तायक्वांदोपटूचा फिटनेस मोजायचा कशात? वजनकाट्यावर की दिवसाच्या शेवटच्या फाइटमध्ये?

पायरव | शनिवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. साताऱ्यात लहान मुलामुलींचा तायक्वांदोचा वर्ग घेते, बारावं वर्ष चालू आहे. त्याआधी मी स्वतः राज्य पातळीपर्यंत खेळले. परवा एका वडिलांनी सहज विचारलं, "ताई, आमची पोरगी फिट आहे ना?" मी पटकन हो म्हणाले. घरी आल्यावर मात्र मन खात राहिलं. कशाच्या जोरावर हो म्हणाले मी? तिचा पाय कानापर्यंत जातो म्हणून? ती बारीक आहे म्हणून?

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. मॅट अष्टकोनी. छातीच्या गार्डमध्ये आणि हेडगार्डमध्ये सेन्सर असतात, पायात सेन्सरचे मोजे. छातीवर लाथ बसली तर दोन गुण, डोक्यावर तीन, फिरून मारली तर दोन वाढीव, ठोसा एक गुण. २०२२ पासून प्रत्येक राउंड स्वतंत्र धरतात. तीनपैकी दोन जिंकले की फाइट संपली.

ऐकताना वाटतं, सहा मिनिटांचाच तर खेळ. पण ऑलिम्पिकमध्ये एका वजनगटाच्या सगळ्या फाइट्स एकाच दिवशी होतात. सकाळी पहिली फेरी, रात्री फायनल. टोकियोत थायलंडची पानिपाक वोंगपत्तनाकित ४९ किलोच्या फायनलला उभी राहिली ती तिची त्या दिवसातली चौथी फाइट. समोर स्पेनची आद्रियाना सेरेसो, वय १७. पानिपाक ९-१० अशी मागे, घड्याळात मोजून सात सेकंद. तेवढ्यात तिने छातीवर लाथ बसवली, ११-१० झालं आणि थायलंडला तायक्वांदोतलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं. तिचं घरातलं नाव टेनिस. भावंडांची नावं बोलिंग आणि बेसबॉल. ते खेळावरचं प्रेम मला फार आवडतं.

सकाळच्या पहिल्या लाथेत आणि रात्रीच्या त्या लाथेत किती अंतर असेल? मला वाटतं, या खेळातला फिटनेस त्या अंतरातच लपलेला आहे. ते जितकं कमी, तितका खेळाडू फिट.

आमच्याकडे एक चाचणी घेते. दहा सेकंद, आलटून पालटून दोन्ही पायांनी बॅगवर जमतील तेवढ्या लाथा, मग दहा सेकंद थांबायचं. असं पाच वेळा. जगभर खेळाडूंवर हीच चाचणी वापरतात आणि चांगल्या खेळाडूच्या दहा सेकंदांत विशीच्या आसपास लाथा पडतात. परवा एका पोरीच्या पडल्या १८, १८, १६, १५, १३. बेरीज ८०. पाचही वेळा १८ राहिल्या असत्या तर ९०. म्हणजे अकरा टक्के घसरण.

पण आकड्याच्या आधी मला कळलं ते आवाजावरून आणि तिच्या खालच्या पायावरून. पहिल्या खेपेला बॅगवर कोरडा 'फाट्' आवाज येत होता, चौथ्या खेपेपासून नुसतं 'धप'. लाथ मारताना जमिनीवरच्या पायाची टाच पुढे वळते, चवड्यावर अख्खं शरीर फिरतं. तिची टाच चौथ्या खेपेला टेकली ती उचललीच नाही. वरचा पाय फिरतोय, खालचा जागच्या जागी. मी तिथेच थांबवलं नाही, पाचवी खेप पूर्ण करू दिली. ती चूक झाली असं आता वाटतंय.

तर तुमचं काय मत? खेळणारे, पालक, डॉक्टर, फिजिओ, सगळ्यांनी लिहा.

---

लाल_माती | शनिवार, रात्री ११.१०

ताई, मी शिरोळ तालुक्यातला, तालमीत वाढलेला. तुमच्या खेळाबद्दल मनात किंतु होता तो आधी सांगतो. आमच्याकडे जोर, बैठका, दोर चढणं, पहाटेचं पळणं, आणि मग माती. अंगात ताकद नसेल तर डाव बसत नाही. तुमच्याकडची सडपातळ पोरं एका पायावर उड्या मारत पुढचा पाय नाचवतात, सेन्सर वाजला की गुण. त्यात ताकद कुठे लागते?

दुसरं, पळणं. आमचे वस्ताद म्हणायचे, दम हवा असेल तर पळा. तुमची मुलं पळतात का? मला वाटतं रोज आठ-दहा किलोमीटर पळवलं तर तुमची ती अकरा टक्के घसरण आपोआप थांबेल.

---

आकडेमोड | रविवार, सकाळी ७.३०

खेळशास्त्र शिकतोय, म्हणून दमाच्या प्रश्नावर लिहितो.

शरीर ऊर्जा तीन वाटांनी मिळवतं. पहिली स्नायूत साठवलेल्या फॉस्फेटची, काही सेकंदांत संपणारी पण सगळ्यात झटपट. दुसरी साखर ऑक्सिजनशिवाय जाळण्याची, जिच्यात लॅक्टेट तयार होतं. तिसरी ऑक्सिजनची, संथ पण न संपणारी. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१२ साली तायक्वांदोच्या नकली फाइट्समध्ये खेळाडूंच्या तोंडाला मास्क लावून हे मोजलं. ऑक्सिजनच्या वाटेचा वाटा सुमारे ६६ टक्के निघाला, फॉस्फेटचा ३०, लॅक्टेटच्या वाटेचा जेमतेम ४.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही कोडं पडलं. खेळ तर स्फोटक आहे. पण फाइट डोळ्यासमोर आणा. बहुतेक वेळ दोघं उड्या मारत एकमेकांचा अंदाज घेतात. मग एक-दोन सेकंदांची झुंबड, तीन-चार लाथा, पुन्हा दूर. लाथ फॉस्फेटवर चालते आणि दोन झुंबडींच्या मधल्या वेळात ते फॉस्फेट परत भरण्याचं काम ऑक्सिजन करतो. म्हणजे दम लाथ मारायला लागत नाही, पुढची लाथ तयार ठेवायला लागतो.

म्हणून लाल_माती दादा, दमाबद्दल तुमचे वस्ताद बरोबरच होते. फक्त नुसत्या लांब पळण्याने भागत नाही. आघाडीच्या पुरुष तायक्वांदोपटूंची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, प्रयोगांत ४४ ते ६३ मिली प्रति किलो प्रति मिनिट आढळली आहे, महिलांची ४० ते ५१. उत्तम लांब पल्ल्याचे धावपटू ७० च्या पुढे असतात. या खेळाला मॅरेथॉनची फुप्फुसं लागत नाहीत. लागतं ते वारंवार पेटून वारंवार निवणारं शरीर. ते घडतं थांबून-थांबून केलेल्या जोरकस कामाने, आणि शक्यतो लाथांच्याच कामाने, कारण पळताना खुबा लाथेसारखा वापरलाच जात नाही.

मोठ्या स्पर्धेत हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर जातात आणि लॅक्टेटही सरावापेक्षा बरंच चढतं. त्यात ताणाचा भाग मोठा असतो. सरावात फिट दिसणारं मूल स्पर्धेत पहिल्याच राउंडला धापा टाकतं ते यामुळे.

---

पायरव | रविवार, सकाळी ९.१५

आकडेमोड, "पुढची लाथ तयार ठेवायला दम लागतो" हे वाक्य वर्गाच्या फळ्यावर लिहिणार आहे.

लाल_माती दादा, पहिली सात-आठ वर्षं मीही मुलांना पहाटे यवतेश्वर घाट चढवायचे. चढणीने मांड्या आणि पोटऱ्या तयार झाल्या, मन घट्ट झालं, ते मी नाकारत नाही. पण शेवटच्या राउंडला पाय जड व्हायचे ते होतच राहिले. आता आठवड्यातून एकदाच घाट, बाकी दिवस पॅडवर वीस सेकंद काम, चाळीस सेकंद उड्या.

ताकदीचं म्हणाल तर ती लागतेच, फक्त दिसत नाही. सेन्सरला नुसता स्पर्श पुरत नाही. छातीच्या गार्डवर ठराविक जोर बसला तरच गुण मिळतो आणि जोराची ती मर्यादा वजनगटागणिक वाढत जाते. पुढचा पाय कमरेएवढा उचलून हवेत तसाच धरायचा, त्याने समोरच्याची लाथ अडवायची, तो खाली न टेकवता पुन्हा मारायचा. एकदा करून बघा. तीस सेकंदांत जांघ पेटते. सेन्सर आल्यापासून हा पुढच्या पायाचा खेळ वाढला आणि लांब पायांच्या खेळाडूंची चलती झाली. पॅरिसमध्ये ५७ किलोचं सुवर्ण घेणारी कोरियाची किम यू-जिन १८३ सेंटीमीटर उंच आहे. जागतिक क्रमवारीत २४ वी होती, आणि उपांत्य फेरीत तिने अव्वल क्रमांकाच्या चिनी खेळाडूला हरवलं.

---

फिजिओ_मिरज | रविवार, दुपारी १.०५

पायरव, ती टाच न वळल्याचं तुम्ही लिहिलंत ना, तिथे माझा जीव टांगणीला लागला.

खालचा पाय फिरला नाही की शरीर फिरायचं थांबत नाही, वळण फक्त वर सरकतं. घोटा अडला की पीळ गुडघ्यात जातो. गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट अशाच वेळी तुटतो. माझ्याकडे अशा मुली येतात आणि बहुतेकींची गोष्ट एकच: "शेवटचा राउंड होता, कुणी धक्काही दिला नाही, फिरले आणि आत काहीतरी 'टक' झालं." त्यानंतर शस्त्रक्रिया, मैदानापासून निदान नऊ महिने दूर, आणि परत आल्यावरही मनातली भीती.

म्हणून पाचवी खेप करून घेतलीत ते चुकलंच, पण तुम्हाला ते दिसलं हे जास्त महत्त्वाचं. अनेकांचं लक्ष फक्त वरच्या पायाकडे असतं. माझं सांगणं, लाथा मोजूच नका, खालची टाच किती वेळा वळली ते मोजा. टाच थांबली की चाचणी संपली.

या खेळात दुखापती सर्वात जास्त कमरेखाली. पावलाची वरची बाजू समोरच्याच्या कोपरावर आपटते, तिथे काळंनिळं होणं तर रोजचं. नडगीवर नडगी. जांघेचे स्नायू ताणले जातात कारण सगळे जण पाय फाकवून बसण्यावर जोर देतात आणि त्या लांबलेल्या स्नायूत ताकद भरायला विसरतात. मूल जमिनीवर सपाट स्प्लिट घालतं, पण उभं राहून तोच पाय कमरेएवढा दहा सेकंद स्वतःच्या जोरावर धरता येत नाही. ती लवचीकता फाइटमध्ये कामाची नाही, उलट दुखापतीला निमंत्रण आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यावर बसून, कुणीतरी घोटे धरून, हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करून घ्या. जागा लागत नाही, खर्च नाही.

आणि डोक्यावर लाथ बसून मूल क्षणभर जरी गोंधळलं, तरी त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही. फायनल असली तरी नाही.

---

सोलवासी | रविवार, संध्याकाळी ६.२०

मूळचा अकोल्याचा, नोकरीनिमित्त कोरियात आहे. माझा मुलगा इथल्या दोजांगमध्ये, म्हणजे तायक्वांदोच्या वर्गात जातो म्हणून लिहावंसं वाटलं.

शाळा सुटली की दाराशी पिवळ्या व्हॅन उभ्या असतात, प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या दोजांगचं नाव. आपल्याकडे मुलं ट्यूशनला जातात तशी इथे तायक्वांदोला. मला नवल वाटलं ते दोरीच्या उड्यांचं. पहिले कित्येक महिने मुलगा घरी येऊन लाथांपेक्षा दोरीचंच जास्त सांगायचा. एका पायावर, दोन पायांवर, हात ओलांडून, एका उडीत दोनदा. मला वाटलं वेळ काढतायत. आता तुमचं वाचून कळतंय की चवड्यावर राहण्याची सवय आणि पोटऱ्यांचा दम तिथेच तयार होत होता.

राष्ट्रीय संघाचा सराव जिनचॉनला, २०१७ पासून तिथे मोठं केंद्र आहे. कोरियात राष्ट्रीय संघात जागा मिळवणं हीच एक स्पर्धा. किम यू-जिनचं मानांकन मागे होतं याचं इथल्या लोकांना फारसं नवल वाटलं नाही, कारण घरची निवड चाचणी जिंकणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक आहे.

---

सोनचाफा | सोमवार, रात्री १०.४५

मी खेळाडू नाही, आई आहे. लातूरकडची. तीन दिवस हा धागा वाचतेय, आज धीर करून लिहिते.

माझी मुलगी १३ वर्षांची. वजन ४६. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. तिच्या सरांचं म्हणणं, ४४ च्या गटात खेळव, दोन किलो उतरव, तिथे मेडल पक्कं आहे. मागच्या वेळी पण असंच झालं होतं. स्पर्धेच्या दोन दिवस आधी भात-पोळी बंद, आदल्या दिवशी दुपारपासून पाणी बंद. प्लास्टिकचं जाकीट घालून गच्चीवर पळवलं. रात्री झोपेत तिचे ओठ कोरडे पडलेले मी हाताने पाहिले. वजन बसलं. सकाळी पहिली फाइट जिंकली, दुसऱ्या फाइटला दुसऱ्या राउंडमध्ये मॅटवरच बसली. सर म्हणाले, मनाने कच्ची आहे.

घरी सगळे म्हणतात, मेडलचे दहावीत मार्क मिळतात, सर सांगतात तसं कर. मला कळत नाही, मोठे खेळाडूसुद्धा असंच करतात ना? मग मी उगाच घाबरतेय का?

---

पायरव | मंगळवार, पहाटे ५.३०

सोनचाफा ताई, तुम्ही अजिबात उगाच घाबरत नाही आहात. रात्री तुमचं वाचलं, झोप लागली नाही, म्हणून एवढ्या पहाटे लिहितेय. लांबेल, पण सगळं सांगते.

मोठे खेळाडू वजन उतरवतात, हे खरं आहे. त्यामागे एक कारण आहे. जागतिक स्पर्धेत पुरुषांचे आणि महिलांचे आठ-आठ वजनगट असतात, पण ऑलिम्पिकमध्ये चार-चारच. पुरुषांचे ५८, ६८, ८० आणि ८० च्या वर. महिलांचे ४९, ५७, ६७ आणि ६७ च्या वर. आता ज्याचं शरीर ६३ किलोचं आहे त्याने जायचं कुठे?

कोरियाचा ली दे-हून नेमका त्या पेचात सापडला. ६३ किलोत २०११ आणि २०१३ चा जगज्जेता. लंडनला तो गटच नाही, म्हणून ५८ मध्ये उतरला आणि फायनल हरला. रौप्य मिळालं. रिओला उलट ६८ मध्ये वर गेला, कांस्य. ऑलिम्पिक सुवर्ण त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. रिओत जॉर्डनच्या अहमद अबुघौशकडून हरल्यावर त्याने स्वतः अबुघौशचा हात उंचावला होता. असा खेळाडू, आणि वजनगटांच्या फटीत अडकलेला. दुसरीकडे चीनच्या झाओ श्वाईने रिओत ५८ चं सुवर्ण घेतलं आणि पुढच्या ऑलिम्पिकला सरळ ६८ मध्ये गेला, तिथेही कांस्य मिळवलं. वरच्या गटात जाणं म्हणजे हार नव्हे.

ही झाली प्रौढ माणसं, त्यांच्याभोवती डॉक्टर, आहारतज्ज्ञ, आठवडेच्या आठवडे आखलेली योजना. वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून भरून काढायला त्यांना रात्र मिळते. त्यातही मोठ्या स्पर्धांत सकाळी काही खेळाडूंचं अचानक पुन्हा वजन करतात, गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वाढलेलं चालत नाही. तो नियम आणावा लागला तो वजनाचा असा खेळ होऊ नये म्हणूनच.

तुमची लेक तेरा वर्षांची आहे. तिचं वजन वाढतंय कारण ती वाढतेय. तिचे दोन किलो म्हणजे चरबी नाही, हाडं आणि रक्त आहे.

आता माझं सांगते. हे मी कधी लिहिलं नव्हतं. मी ५४ किलोची, ४९ मध्ये खेळायचे. चार वर्षं. माझे प्रशिक्षक माझं भलंच चिंतत होते, त्यांनाही तेच शिकवलेलं होतं. सतराव्या वर्षी पाळी थांबली. मैत्रिणी म्हणाल्या, बरंय, कटकट गेली. मलाही बरंच वाटलं. एकोणिसाव्या वर्षी नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, मार न लागता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाळी नियमित आहे का? मला तो प्रश्न कळलाच नाही, पायाचा आणि त्याचा काय संबंध? आता त्याला नाव आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली त्यावर निवेदन काढलं, रेड-एस म्हणतात. सरावाला लागते तेवढी ऊर्जा खाण्यातून मिळाली नाही की शरीर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, वाढ अशी एकेक खाती बंद करत जातं. मुलांमध्येही होतं, फक्त पाळीसारखी खूण नसल्याने उशिरा कळतं.

तुमची मुलगी मनाने कच्ची नाही. आकडेमोडने लिहिलंय तेच तिच्या बाबतीत झालं. पाणी नाही म्हणून रक्त कमी, हृदय जास्त जोराने पळतंय. पोटात धान्य नाही म्हणून स्नायूत साखर नाही. पहिली फाइट उरल्यासुरल्यावर निघाली. दुसऱ्या फाइटला भरून काढायला काही शिल्लकच नव्हतं.

४६ ची आहे तर ४७ चा गट आहे. तिथे खेळवा.

---

लाल_माती | मंगळवार, सकाळी ८.००

ताई, वाचून गप्प बसलो होतो. आमच्याकडेही हेच चालतं. पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी फायनलआधी बाद झाली तेव्हा अख्खी तालीम टीव्हीपुढे बसली होती, कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. एवढी मोठी खेळाडू, रात्रभर घाम गाळून, केस कापून. तिच्यासारखीला हे भोगावं लागलं, मग तेरा वर्षांच्या पोरीला कशाला?

सोनचाफा वहिनी, सरांना शांतपणे सांगा, ४७. नाही ऐकलं तर वर्ग बदला. पोरगी बदलता येत नाही.

---

फिजिओ_मिरज | मंगळवार, दुपारी २.३०

एक भर. आघाडीच्या महिला खेळाडूंच्या शरीरातली चरबी १२ ते १९ टक्के असते असे आकडे इंटरनेटवर सहज सापडतात आणि काही पालक तेच लेकीचं लक्ष्य धरतात. ते प्रौढ, वर्षानुवर्षं घडलेल्या खेळाडूंचे आकडे आहेत, वयात येणाऱ्या मुलीचे नाहीत. किम यू-जिनची उंची आणि गट घेऊन गणित केलंत तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सतराच्या आसपास येतो, जो तक्त्यात कमी वजनात मोडतो. तिच्याभोवती पूर्ण वैद्यकीय पथक आहे. तिच्याकडे बघून घरच्या मुलीचं ताट आखू नका.

सोनचाफा ताई, पाळी सुरू झाली असेल तर तारखा लिहून ठेवा. तीन महिने चुकली तर डॉक्टर. हिमोग्लोबिनही एकदा तपासून घ्या.

---

आकडेमोड | मंगळवार, रात्री ९.००

आई झाल्यावर परतलेली एक खेळाडू आठवली. चीनची वू जिंगयू. २००८ आणि २०१२ चं सुवर्ण, मग मुलगी झाली, आणि ३४ व्या वर्षी टोकियोत पुन्हा ४९ किलोत उतरली. पदक नाही मिळालं. पण शरीराची कळ सोसायची आणि त्याला जपायचंही, हे दोन्ही जमलं तरच एवढी वर्षं खेळता येतं.

सोनचाफा ताई, दोन फाइट्सच्या मध्ये काय द्यायचं ते पायरव सांगतील, पण वेळ महत्त्वाची. फाइट संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात थोडं द्या, पोट जड होईल असं नाही.

---

पायरव | मंगळवार, रात्री १०.१०

आमचा डबा सांगते. वजन झाल्याबरोबर मीठ-साखर-लिंबाचं पाणी, घोटघोट. रात्री मऊ भात, वरण, तूप, बटाट्याची भाजी. नवीन काहीही नाही, स्पर्धेच्या गावातली मिसळ तर नाहीच. सकाळी पहिल्या फाइटच्या दोन-अडीच तास आधी पोहे किंवा उपमा. फाइट्सच्या मध्ये तांदळाची पेज, मीठ घातलेली, थर्मासमध्ये. माझी आजी आजारपणात द्यायची तीच. अर्ध्या तासात पुढची फाइट असेल तर फक्त दोन-तीन घोट आणि खजूर. दोन तास असतील तर वाटीभर पेज आणि केळं.

आणि मधल्या वेळात मुलांना बाकड्यावर कुडकुडत बसू देऊ नका. बूट काढून पाय भिंतीला वर लावून दहा मिनिटं पडायचं, मग अंगावर जाड कपडा, मग पुढच्या फाइटच्या वीस मिनिटं आधी पुन्हा उड्या.

---

सोनचाफा | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.४०

धागा वर काढतेय.

सर आधी रागावले. मी फक्त एवढंच म्हटलं की मागच्या वेळी ती मॅटवर बसली ते मला पुन्हा बघायचं नाही. मग ते म्हणाले, ठीक आहे, ४७. तिचं वजन भरलं ४६.३००. रात्री पोटभर जेवली आणि झोपली. हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, त्यावर गोळ्या चालू आहेत.

तीन फाइट्स जिंकली, फायनल हरली. समोरची मुलगी हिच्यापेक्षा वीतभर उंच होती. पण फायनल तिसऱ्या राउंडपर्यंत गेली, ताई! मी बाकी काही बघत नव्हते, तुम्ही लिहिलं होतं तसं खालच्या पायाकडेच बघत होते. शेवटपर्यंत टाच वळत होती. परत येताना एसटीत झोपली नाही, सगळा रस्ता बडबडत होती. सरांनी पेजेचा थर्मास बघितला आणि बाकीच्या पोरांसाठी पुढच्या वेळी मोठा आणा म्हणाले.

---

पायरव | रविवार, रात्री ९.०५

वाचून डोळे भरून आले. तिला माझ्याकडून एक घट्ट मिठी.

इकडची ती पोरगी आठवते ना, १८, १८, १६, १५, १३ वाली? पाच आठवडे दोरी, पॅडवरचं थांबून-थांबून काम आणि मांडीच्या मागचा तो व्यायाम. काल पडल्या १७, १७, १६, १६, १६. पहिली खेप एकाने कमी, बेरीज ८२, घसरण साडेतीन टक्क्यांवर. पाचव्या खेपेलाही आवाज कोरडा होता.

फायनल आणि त्याआधीच्या फाइटमध्ये किती वेळ मिळाला होता? आणि तेव्हा तिने काय खाल्लं? आठवत असेल तर लिहा, मला वहीत टिपून ठेवायचंय.

---

सोनचाफा | रविवार, रात्री ९.२०

पन्नास मिनिटं. अर्धी वाटी पेज आणि दोन खजूर. केळं नको म्हणाली.